साहेबांचा दुभाषा

आखाती युद्ध संपल्यानंतर बहारीनच्या सनाबिसमध्ये नगरपालिकेचा इन्स्पेक्टर घरं तपासायला यायचा. सोबत दुभाषा म्हणून एक चिपळूणकडचे गृहस्थ असायचे. साहेब अरबीत चार शब्द बोलायचा. यांचं भाषांतर पाच मिनिटं चालायचं. त्यात दंड, जप्ती, व्हिसा रद्द, सगळं यायचं आणि शेवटी "खलास!"

एकदा दोघं आमच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत आले. आम्ही सहा ड्रायव्हर तिथे राहायचो. साहेब घाम पुसत म्हणाला, "इथे खिडकी बसवा, माणसं गुदमरतील." अरबी मालकाची गाडी चालवून मला एवढी अरबी कळत होती.

दुभाषे आमच्याकडे वळले. "तीन दिवसांत खोली रिकामी करा. नाहीतर सामान रस्त्यावर. खलास!"

आमच्यातले वयस्क सावंतकाका मटकन खाली बसले. मी थेट साहेबालाच अरबीत म्हणालो, "खिडकी उद्याच बसवतो." तो मान डोलावून जिना उतरला.

दुभाष्यांचा चेहरा क्षणभरच पडला. मग काकांच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "बघितलंत? मी शब्द टाकला म्हणून साहेब विरघळला."

अरबीचा गंध नसलेल्या काकांनी हात जोडले. मला म्हणाले, "अरे, आभार मान त्यांचे."

पुढच्या तपासणीलाही तेच येणार होते. मी आभार मानले.