बुगडीतल्या हिऱ्यांची अंगठी

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, औरादच्या बाजाराच्या दिवशी, माझ्या सराफी दुकानात संतपूरच्या शिवम्माअक्कांनी आमच्या जडणकारावर हिरे बदलल्याचा आरोप केला. दुकानात गिऱ्हाईक होतं. सगळ्यांनी ऐकलं.

जडणकार म्हणजे दागिन्यात खडे बसवणारा कारागीर. आमचे इस्माईलभाई दर बाजाराला बीदरहून यायचे आणि औरादच्या बहुतेक दुकानांचं काम करायचे. जडणकाराच्या हातात कायम दुसऱ्याचा माल असतो. तो खडे बदलतो अशी बोलवा उठली, की त्याला कुणी काम देत नाही.

प्रकरण अंगठीचं होतं. अक्कांचा मुलगा बसवराज गुलबर्ग्याला वीज खात्यात होता. तिथल्याच सरकारी दवाखान्यातल्या नर्सशी त्याचं लग्न ठरलं होतं. साखरपुडा जवळ आला होता. अक्कांकडे सासूच्या वेळच्या हिऱ्यांच्या बुगड्या होत्या. एका बुगडीतले सात बारीक हिरे काढून सुनेसाठी एका ओळीची अंगठी करायची आणि दुसरी बुगडी तशीच ठेवायची, असा बेत होता.

आदल्या बाजारी बसवराज एक बुगडी घेऊन आला. खडे त्याच्यासमोर काढले. पुडी बांधून त्याच्यासमोरच लाखेचं सील केलं. या बाजारी अक्का बसवराजला घेऊन कोंदण, म्हणजे खड्याभोवतीची सोन्याची बैठक, पसंत करायला आल्या. मी सील फोडून खडे पांढऱ्या कागदावर ओतले.

खडे राखाडी दिसत होते.

"हे काय दाखवायलाव?" अक्का म्हणाल्या.

"तुमचेच हिरे, अक्का."

अक्कांनी पदराच्या गाठीतून दुसरी बुगडी काढून काउंटरवर ठेवली. ती लखलखली.

"माझे हिरे असे हायत. ह्या गारा कुणाच्या? तुमच्या जडणकारानं बदलल्या."

"काढताना बसवराज समोर होता."

"त्याला काय विचारता? त्याला हिरा अन् खडीसाखर सारखीच."

"अव्वा, मी बघितलं की..." बसवराज आईला म्हणाला.

"तू गप."

इस्माईलभाई आतून आले. त्यांनी चांदीच्या चकचकीत पत्र्याचा तुकडा घेतला आणि एक खडा त्यावर ठेवला. खडा चमकला. "अक्का, जुने हिरे चपटे असतेत. त्यांना स्वतःची चमक कमी. म्हणून खाली असा पत्रा घालून मागून बंद कोंदण करायचे. त्या पत्र्याला डाक म्हणतेत. बुगडीतली चमक डाकेची हाय."

"पत्र्यावर काच ठेवली तरी चमकंल की."

इस्माईलभाईंनी तोच खडा, काचेनं ओरखडा उठत नाही अशा कुरुंदाच्या दगडावर घासला. ओरखडा दगडावर उठला, खड्यावर नाही.

"हिरा हाय," अक्का म्हणाल्या. "पण माझाच कशावरून?"

याचं उत्तर फक्त दुसऱ्या बुगडीत होतं.

"एक खडा काढू द्या," इस्माईलभाई म्हणाले. "बुगडी तुम्हीच धरा. बघून झाला की परत बसवतो."

मी इस्माईलभाईंना बाजूला घेतलं. चपटा हिरा कडेला ठिसूळ असतो. खरवडताना हात चुकला तर टवका उडतो. बुगडी बिघडली असती आणि संशयही राहिला असता.

"फुटला तर?" अक्कांनीच विचारलं.

"तर म्हणा, चोर पण हाय अन् अडाणी पण."

अक्कांनी बुगडी चिमटीत धरली. इस्माईलभाईंनी एका खड्याभोवतीचं सोनं टोच्याने खरवडायला घेतलं. गिऱ्हाईक निघायला तयार नव्हतं. खडा सुटला आणि अक्कांच्या तळहातावर पडला. खाली डाक तशीच चमकत होती. खडा राखाडी होता.

अक्कांनी तो बाकीच्या सातांशेजारी ठेवला. भिंग मागून घेतलं. बराच वेळ पाहिलं. फरक सापडला नाही.

"म्हणजे आमची सासू जन्मभर पत्राच मिरवली व्हय?"

बसवराज हसला. दुसरं कुणी हसलं नाही.

मग कोंदणाचा प्रश्न आला. काट्यांचं कोंदण, म्हणजे खडा सोन्याच्या बारीक काट्यांनी धरलेला, नर्सला चालणार नव्हतं. कापूस आणि पट्ट्या त्यात अडकल्या असत्या. सोन्याच्या दोन भिंतींमधल्या खाचेत ओळ बसवायची तर सगळ्या खड्यांची जाडी सारखी लागते. हे जुने खडे कमीजास्त होते, दाबात फुटले असते. बंद कोंदणात डाक घालता आली असती आणि अंगठी बुगडीसारखी दिसली असती. पण साबणाचं पाणी आत जाऊन डाक काळी पडते. राहिलं एक: प्रत्येक खड्याभोवती पातळ सोन्याची पट्टी वळवायची आणि खालची बाजू उघडी ठेवायची.

"चमक?" अक्कांनी विचारलं.

"कमी राहील," मी म्हणालो.

"साखरपुड्याला बायका बोट धरून बघतेत. कामून कमी घ्यायची?"

"अव्वा, ड्यूटीवर ती सारखी हात धुती," बसवराज म्हणाला.

अक्का म्हणाल्या, "काळी पडली तर म्हणतील, सासूनं खोटे घातले. उघडंच करा."

बुगडीचा खडा इस्माईलभाईंनी त्यांच्यासमोर परत बसवला. अंगठी पुढच्या बाजारी तयार झाली. साखरपुड्यात ती घातली गेली.

त्यानंतर दुकानात एक पद्धत पडली. बंद कोंदण फोडण्याआधी, डाकेशिवाय हिरा कसा दिसतो ते दागिन्याच्या मालकाला नमुन्याच्या खड्यावर दाखवायचं.

लग्नानंतर काही महिन्यांनी अक्का अंगठी घेऊन आल्या. एका खड्याची पट्टी सैल झाली होती. त्यांनी अंगठी इस्माईलभाईंच्या हातात दिली आणि भाजी घ्यायला बाजारात निघून गेल्या.