झाल्या गोष्टीचा कौल

मंगळवारी दुपारी अंधेरीला कॉलेजच्या जिन्यात होते तेव्हा लॅबचा मेसेज आला. आईच्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट तयार आहे, लिंक उघडा. फॉर्मवर नंबर माझा होता, आईला फोनवरचं ते काही जमत नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, रिपोर्ट आला की लगेच यायचं, ते फक्त बुधवारी बसतात. मी लिंक उघडली नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही, गुरुवारी पण नाही. जोगेश्वरीला घरी आले की आई विचारायची, "आला का गं?" आणि मी म्हणायचे, "वेळ लागतो त्याला."

घाबरले होते, ते तर आहेच. पण त्याहून वाईट म्हणजे माझ्याकडे थिअरी होती.

मी फिजिक्समध्ये एमएस्सी करतेय आणि काळाबद्दल हाताला लागेल ते सगळं अधाशासारखं वाचते. बहुतेक मूळ समीकरणांना काळ पुढे जातोय की मागे, काही फरक पडत नाही. आधी कारण, मग परिणाम, हे त्यांच्यात कुठे लिहिलेलंच नसतं. काही लोक तर गंभीरपणे मांडतात की नंतर केलेल्या मोजमापाचा परिणाम आधीच्या क्षणावर होत असेल. इथपर्यंत ठीक. मग मी घसरले. कुठल्यातरी साइटवर वाचलं की काही जण आधीच रेकॉर्ड झालेले, पण कुणी न पाहिलेले आकडे नंतर नुसत्या मनाच्या जोरावर बदलायचा प्रयत्न करायचे, आणि म्हणे ते जमायचं. एरवी मी कँटीनमध्ये याची टर उडवली असती. त्या आठवड्यात मला एवढंच दिसलं: कुणी पाहिलं नसेल तोपर्यंत.

आता कुणीतरी स्लाइड पाहिली होती, टाइप केलं होतं, खाली सही केली होती, हे मला काय कळत नव्हतं? कळत होतं. मी त्या माणसाला मोजतच नव्हते.

म्हणजे उघडायच्या आधी मनाचा जोर लावायला हवा. मी एकटी किती लावणार? शुक्रवारी सकाळी आई दळण आणायला गेली तसा गावाला मामाला व्हिडिओ कॉल केला. आमचं गाव मालवणच्या बाजूला. तिथे देवाला कौल लावतात. गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवतो, प्रश्न विचारतो, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. लहानपणापासून मी याला हसत आलेय. मामा म्हणायचा, "तुझा शास्त्र मुंबैक ठेव."

त्याला म्हटलं, "मामा, देवळात जा ना आत्ता. विचार, आईची गाठ साधीच आहे ना."

तो खरंच गेला. फोन गुरवासमोर धरला. गुरवाने ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाठ तपासाक दिली मा?"

"हो."

"मगे ती काय हा ता ठरलाहा. झाल्या गोष्टीचो कौल लावनत नाय."

मला वाटलं मामा त्याला समजावेल. मामा उलट मलाच म्हणाला, "खरा हा गो. देवाक पुढचा इचारूचा असता. झाला ता कागदार बघूचा." मग त्याने विचारलं, "कागद इलो काय?"

मी फोन या हातातून त्या हातात घेतला.

"बाय, कागद इलो काय गो?"

"मंगळवारी."

"आज शुक्रवार," मामा म्हणाला. बस, एवढंच. शिवी घातली असती तर बरं झालं असतं यार.

मी लिंक उघडली. इंग्रजीतल्या चार ओळी, दुसऱ्या ओळीत तो शब्द, कार्सिनोमा. तो मंगळवारपासून तिथेच होता. माझ्या तीन दिवसांच्या जोराने त्याचं एक अक्षर हललं नव्हतं. हलली होती ती फक्त डॉक्टरांची बुधवारची वेळ.

आई पिठाचा डबा घेऊन आत आली तेव्हा कॉल चालूच होता. मी सगळं सांगितलं, मेसेज कधी आला तेही. थिअरी तेवढी गाळली. तिने डबा ओट्यावर ठेवला, हात पुसले.

"म्हणजे आता पुढचा बुधवार."

"मी दुसरा डॉक्टर बघते. आत्ता बघते."

फोनमधून मामा म्हणाला, "मगे आता काय इचारू?"

आईने माझ्या हातातून फोन घेतला. पीठ लागलेलंच होतं तिच्या बोटांना. "इचार रे, बुधवारपर्यंत थांबला तर चलात काय."

मी तिचा फोन उचलला आणि हॉस्पिटलांचे नंबर लावायला लागले. पहिला लागला नाही. दुसऱ्याने होल्डवर टाकलं. गुरव देवाला घालत होता ते गाऱ्हाणं ऐकू येत होतं. आई स्टुलावर बसून स्क्रीनवरच्या कळ्यांकडे बघत होती, अजून एकही पडली नव्हती. मी तिकडे पाठ केली आणि तिसरा नंबर लावला.