सवतीच्या गळ्यातली माळ

देव आहे की नाही, हा प्रश्न मला देवळात कधीच पडला नाही. तो पडायचा गाडीत, तापमानाच्या काट्याकडे बघताना. काटा लाल रेघेकडे सरकला की मी नास्तिक व्हायचो आणि खाली उतरला की स्टिअरिंग सोडून हात जोडायचो. समोरून येणाऱ्यांचं नशीब थोर, म्हणून माझ्या या परमार्थात कुणी चिरडलं गेलं नाही.

माझी गाडी म्हणजे ट्रक. किती जुना ते विचारू नका. किलोमीटरचा आकडा लाजून कधीचाच थांबलाय. माझी बायको या गाडीला 'सवत' म्हणायची. घरी आलो की मी आधी रेडिएटरचं पाणी बघायचो आणि मग स्वतः पाणी प्यायचो, हे तिचं दुखणं. "सवतीची तहान भागली असंल तर घरात या," असं ती ओट्यावरून म्हणायची आणि आमच्या साऱ्या कन्हेरी गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची. पण दसऱ्याला सवतीला न्हाऊमाखू घालायची तीच. झेंडूची माळ ओवून पुढच्या जाळीवर बांधायची आणि आई भवानीला सांगायची, हिला सांभाळ, माझा माणूस हिच्या पोटात असतो.

अशाच एका दसऱ्यानंतर ती गेली. मूलबाळ नव्हतं. घरात भांडं पडलं तरी ते माझ्याच हातून पडलेलं असायचं. मी घरी जाणं कमी केलं आणि गाडीतच राहू लागलो. गाडी निदान बोलते तरी. पट्टा कुरकुरतो, हॉर्न कण्हतो.

तिनं ओवलेली ती शेवटची माळ मी काढली नाही. फुलं वाऱ्यानं झडू लागली, तेव्हा तिच्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून जाळीच्या आत, रेडिएटरच्या तोंडाशीच बांधली. मग दर मंगळवारी देवीसाठी नवी माळ घेऊ लागलो. जुन्या माळांचं निर्माल्य वाहत्या पाण्यात सोडायचं, तर कालव्याला पाणी असेल तेव्हा मी रस्त्यावर आणि मी मोकळा तेव्हा कालवा कोरडा. त्यामुळे जुन्या माळाही त्या गाठोड्याशेजारी आतच जमत गेल्या. वर उसाचं पाचट उडून त्यांच्यात अडकायचं. मला मात्र ते देवघर वाटायचं.

आणि गाडी तापू लागली.

बारामतीच्या बापूमिस्त्रीनं रेडिएटर उतरवून धुतला. बोअरच्या पाण्यानं नळ्यांत धरलेला खार काढला, कुलंट भरलं, झाकण, थर्मोस्टॅट, पंख्याचा पट्टा सगळं नवं घातलं. गॅरेजात कितीही वेळ इंजिन चालवा, काटा शहाण्या मुलासारखा मध्यावर. बाहेर पडून ऊस भरला की पुन्हा वर. शेवटी मिस्त्री हात पुसत म्हणाला, "तात्या, आता बदलायला काय ऱ्हायलंच न्हाय. अजून एकदा उकळली तर इंजिनाचं हेड जाईल. मग भंगारात घालायची, दुसरं काय?"

एक गोष्ट मिस्त्रीला ठाऊक नव्हती. त्याचे तेलकट हात लागू नयेत म्हणून गॅरेजात शिरण्याआधी मी सगळ्या माळा आणि ते गाठोडं सोडून सीटवर ठेवायचो आणि काम झालं की नारळ फोडून पुन्हा जागच्या जागी बांधायचो. भक्तीत मी कुठं कमी पडत नव्हतो.

फाल्गुनातली दुपार होती. वरकुट्यातून ऊस भरून निघालो. निमगाव केतकी मागं पडलं आणि काटा चढू लागला. एका लिंबाखाली गाडी लावली, पुढची जाळी उचलून ठेवली आणि वाफ निवायची वाट बघत सावलीत बसलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. खिशातून फोन काढला. कुणाला लावावा ते सुचेना, म्हणून परत ठेवला. एवढ्या मोठ्या जगात आपल्याला हाक मारायला कुणी नाही, हे त्या दुपारी मला पहिल्यांदा नीट कळलं. मी देवीला म्हणालो, आई, माझ्यानं आता सांभाळवत नाही. हीही न्यायची तर ने. माझं काही म्हणणं नाही. आणि डोळे मिटले.

उघडले तेव्हा एक काळी शेळी बंपरवर पुढचे पाय टेकवून उभी होती. मंगळवारच्या माळा तिनं संपवल्या होत्या. गाठोडं ओढून खाली पाडलेलं होतं आणि बायकोच्या हातची माळ, सुतासकट, तिच्या तोंडात शेवटचे हेलकावे घेत होती. मी ओरडत धावलो. तिनं माझ्याकडे शांतपणे बघितलं आणि गिळलं. देवीला बोकड देतात हे ऐकून होतो. देवीनं शेळी धाडल्याचं ऐकलं नव्हतं.

बांधावरून शेळीवाली म्हातारी आली. मी तिला सांगितलं, "आजी, माझ्या बायकोची माळ खाल्ली हिनं."

"बायकू कुठं हाय?"

"न्हाय आता."

म्हातारीनं शेळीच्या पायाखालचं कापड उचललं, झटकलं, माझ्या हातात दिलं. "मग कुणासाठी ठिवली हुतीस?"

बायकोला पोचवून आल्यावरही रडलो नव्हतो, तो मी रस्त्याच्या कडेला बसून हमसाहमशी रडलो. म्हातारी शेजारी उकिडवी बसून राहिली. मध्येच म्हणाली, "रड, रड. हितं कोण बघतंय? ही बघंल, पण ती कुणाला सांगायची न्हाय."

इंजिन निवल्यावर पाणी घातलं आणि निघालो. चढ आला, उतार आला. काटा मध्यावर गेला आणि तिथंच बसला. बारामतीपर्यंत मी रस्त्यापेक्षा त्याच्याकडेच जास्त बघितलं. तो हलला नाही.

मिस्त्रीनं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. म्हणाला, हवेची वाटच बुजवली होती तुमी, मग पंखा ओढणार काय? त्याचं बरोबर आहे. मी वाद घालत नाही. फक्त त्या वेळी, त्या झाडाखाली, ती शेळी कुणी धाडली, एवढंच मी विचारतो. मिस्त्री म्हणतो, या प्रश्नाचा सुटा भाग माझ्याकडं मिळत नाही.

आता जाळी मोकळी असते. आत साचलेलं पाचट रोज ब्रशनं काढतो. देवीला केबिनमध्ये एकच फूल वाहतो. त्या वाटेनं गेलो की माळ घेऊन जातो आणि शेळीला घालतो, गळ्यात नव्हे, तोंडात. ती खाते, मी बघतो. जे मला सोडता येत नव्हतं, ते आईनं असं घास घास करून माझ्याकडून सोडवून घेतलं.

साडीच्या त्या तुकड्यानं काट्याची काच पुसतो. रोज घरी जाऊ लागलोय. अजूनही आधी रेडिएटरचंच पाणी बघतो. मग ओट्यापाशी जरा थांबतो. कुणी काही म्हणत नाही. तेव्हा मीच, साऱ्या कन्हेरीला ऐकू जाईल असं म्हणतो, "सवतीची तहान भागली," आणि घरात जातो.