दोन बारीक सेल

आमच्या घरात एक डिजिटल कॅमेरा होता. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नांदेडच्या बाजारातून टीव्ही घेतला तेव्हा त्याच्यावर फुकट मिळालेला. साबणाच्या वडीएवढा, नखानं रंग निघणारा, मागे पडदा नसलेला. पुढे कंपनीचं नाव म्हणून चार इंग्रजी अक्षरं होती. ती कंपनी तेव्हा कुणाला माहीत नव्हती आणि आता तर जगात कुठेच नाही. अण्णांना फुकटाचं भारी कौतुक. टीव्ही राहिला बाजूला, आल्यागेल्या भावकीला ते कॅमेराच दाखवायचे.

त्यात कार्ड नव्हतं. फोटो आतल्या मेमरीत राहायचे आणि ती मेमरी सेलवर जगायची. सेल उतरले की फोटो पुसले. ज्या कुणी ही वस्तू बनवली त्याला लोक फोटो कशासाठी काढतात हेच ठाऊक नसणार. फोटो बाहेर काढायला सोबतची सीडी कॉम्प्युटरवर चढवावी लागायची आणि आमच्याकडे तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. अण्णांनी ती सीडी कंधारकडच्या आमच्या रानात नेऊन ज्वारीवर टांगली. उन्हात चमकली की पाखरं येत नाहीत म्हणे. पाखरं यायची ती आलीच, सीडी मात्र तडकून गेली.

कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक घरात एकटीनंच वाचलं, माझ्या मोठ्या बहिणीनं, अक्कानं. पुढे तिनं लातूरच्या एका लिंगायत मुलाशी लग्न करायचं ठरवलं. भुसार मालाचं दुकान, माणूस सरळ, सुपारीचंही व्यसन नाही. आमच्या भावकीच्या जावयांत असा एक दाखवा म्हटलं तर सगळे छताकडे बघतील, पण ते जावई जातीतले होते. घर सोडायच्या दिवशी सकाळी अक्कानं मायला अंगणात जवळ ओढलं, कॅमेरा उलटा धरून हात लांब केला आणि दोघींचा फोटो काढला. म्हणाली, "माय, याचे सेल उतरू देऊ नको. बदलताना हात लवकर चालव, न्हाईतर सगळं पुसतंय." मायला वाटलं, पोरगी मशीन समजावून सांगून राहिली. दुपारी अक्का गेली.

मग अण्णांनी मर्दुमकी गाजवली. अल्बम काढले, कात्री घेतली आणि जिथं जिथं अक्का होती तिथून तिला कापून टाकलं. माझ्या वाढदिवसाच्या फोटोत ती मला खेटून उभी होती, म्हणून माझा एक कानही गेला. एवढ्यानं पोट भरलं नाही. अण्णांना राग यायलाही चार माणसं बघायला लागतात. त्यांनी भावकी गोळा केली आणि सगळ्यांसमोर मायला शपथ घातली, "तिचं तोंड बघशील तर माझं मेलेलं तोंड बघशील." भावकीनं माना डोलावल्या, चहा घेतला आणि आपापल्या घरी गेली. कॅमेऱ्यात काय आहे हे अण्णांना माहीत नव्हतं, कारण त्यात काही दिसतच नव्हतं.

माय शपथेची पक्की. लातूर काही विलायतेत नाही. सकाळी नांदेडहून एसटीत बसलं तर दुपारच्या जेवणाला माणूस तिथं पोचतं. ती कधी गेली नाही. पुढे माझ्या हातात स्मार्टफोन आला, अक्काशी माझं बोलणं सुरू झालं. एकदा मी व्हिडिओ लावून फोन मायच्या समोर धरला, तर हिनं पदर डोळ्यांवर घेतला आणि फोनकडे पाठ केली. पलीकडून अक्का "माय, माय" करत होती. त्या दिवशी मला अण्णांचा जेवढा तिटकारा आला तेवढाच मायचाही आला, हे खरं सांगते.

पण सेल मात्र ती बदलायची. दुकानदार अमावस्येला लिंबू-मिरची बदलतात, माय अमावस्येला सेल बदलायची. नवे सेल बहुतेक टीव्हीच्या रिमोटमधले असायचे. अण्णा वर्षानुवर्षं रिमोट तळहातावर आपटत बसायचे आणि कंपन्यांना शिव्या द्यायचे, आजकालच्या सेलात काही दमच न्हाई म्हणून. जुने काढून नवे घालेपर्यंत माय श्वास धरायची. मी तिला विचारलं, बघायचंच नाही तर जपतेस कशाला? ती उतरलेले सेल रिमोटात घालायला निघून गेली.

आणि एका दिवाळीत, चकल्या तळता तळता, तिनं एकदम निकाल दिला. "त्या कॅमेऱ्यातलं तोंड शपथेच्या आधीचं हाय. ते बघितलेलं चालंल, न्हाई का?"

मला आधी हसू आलं, मग डोकं फिरलं. आमचं खानदान असं. लेक जिवंत आहे, गाडीनं दुपारी पोचता येतं, आणि ही बाई कायदा काढून बसली. पण तिच्या कायद्यात बसणारं अक्काचं तोंड सगळ्या जगात एवढ्या एकाच डबड्यात होतं. मग मी ड्रायव्हर लिहायला बसले.

ड्रायव्हर म्हणजे मधला दुभाषा. कॉम्प्युटरला कॅमेऱ्याची भाषा कळत नाही, ती समजावून देणारा प्रोग्राम. पुण्याच्या कंपनीचं घरबसल्या काम करून उरलेल्या वेळात मी हे करायची. कॅमेरा जोडला की कॉम्प्युटर फक्त म्हणायचा, काहीतरी जोडलंय, ओळखीचं नाही. इंटरनेटवर जाणत्यांना विचारलं तर उत्तर आलं, फेकून द्या आणि बरा फोन घ्या. हे शहाणे जगात कुठेही भेटतात, नुसती भाषा बदलते. शेवटी कुणीही फुकट वापरावेत असे मुक्त प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या एका गटानं असल्याच दुसऱ्या भिकार कॅमेऱ्यासाठी लिहिलेला ड्रायव्हर सापडला. त्या कॅमेऱ्यातली चिप आमच्या चिपची चुलत बहीण निघाली. पण चुलत म्हणजे चुलतच. तिच्याकडे जी आज्ञा 'फोटो दे' अशी होती, ती आमच्याकडे 'फोटो पूस' अशी निघाली तर? विचारायचं कुणाला?

म्हणून कंधारला मामाकडे गेले. त्यांनीही त्याच दुकानातून टीव्ही घेतला होता आणि त्यांचा कॅमेरा शोकेसमध्ये, प्लॅस्टिकच्या फुलांशेजारी, पिशवीतून न काढलेला होता. मामा म्हणाले, "ने, पण वापस आण. तिथं मोकळं दिसतंय." घरी आणून मी त्याच्यात आमच्या भिंतीचे फोटो काढले आणि एकेक आज्ञा आधी त्याच्यावर करून पाहिली. 'फोटो दे' म्हणून पाठवलेल्या पहिल्याच आज्ञेनं त्यानं सगळी भिंत पुसून टाकली. हीच आज्ञा मायच्या कॅमेऱ्याला दिली असती तर अक्का पुसली गेली असती. पुढचे कितीतरी शनिवार-रविवार मी त्या भिंतीचे फोटो काढत आणि पुसत राहिले. अण्णा येता-जाता म्हणायचे, "एवढी इंजिनेर केली, अन् खेळण्यासोबत खेळून राहिली."

एकदाची भिंत बाहेर आली. हिरवी. रंगाचं गणित लावता लावता ती आधी जांभळी झाली, मग पिवळी, आणि शेवटी खऱ्या भिंतीसारखी दिसली. ड्रायव्हर मी त्या गटाला पाठवला. त्यांनी प्रोग्रामातल्या कोऱ्या जागा कुठे कमी, कुठे जास्त, एवढंच माझ्याकडून पुन्हा पुन्हा दुरुस्त करून घेतलं. कॅमेरा नालायक, एवढी एकच गोष्ट त्यांनी दुरुस्त करायला सांगितली नाही. मग ड्रायव्हर घेतला, आता तो जगासाठी खुला आहे. जगाला त्याची काही गरज नाही.

मायला सांगितलं, आता तुझा कॅमेरा जोडते. ती म्हणाली, "थांब, अण्णा येऊ दे."

"त्यांच्यासमोर?"

"मग? काय झालंच तर ध्यानात यायला पायजे की."

म्हणजे कायदा काढला तरी भीती होतीच. अण्णा आले. मायनं त्यांना विचारलं, "बीपीची गोळी घेतली का?" अण्णा म्हणाले, घेतली. तिनं त्यांना पलंगावर, माझ्या टेबलासमोर बसवलं, पाठीला उशी दिली, हातात चहाची बशी दिली आणि स्वतः मधोमध उभी राहिली, स्क्रीनही दिसेल आणि नवराही दिसेल अशी. मी आज्ञा दिली.

पहिले फोटो टीव्हीचे, तीन बाजूंनी. मग वासरू. मग अण्णा, मिशा पिळून, टीव्हीवर हात ठेवून, जसा काही त्यांनीच तो बनवला. शेवटचा फोटो वरून खाली, पट्टी पट्टी करत उघडला. अंगणातलं लिंबाचं झाड, ऊन, मायचा अर्धा गाल, आणि अक्का. दात दिसतील अशी हसलेली. ओठांच्या कडेला थोडा हिरवा रंग राहिलाच होता.

मायनं फोटो बघितला आणि झटकन अण्णांकडे बघितलं. परत फोटो, परत अण्णा. अण्णा बशीवर फुंकर मारत होते. मग त्यांचं लक्ष गेलं आणि ते ओरडले, "बंद कर ते! माझी शपथ हाय!"

"बघितलं मी तिचं तोंड," माय म्हणाली. "पोटभर बघितलं. अन् तुमी तर चहा पिऊन राहिले."

मग एवढा मोठा माणूस, भावकीसमोर शपथा घालणारा, हळूच काय म्हणाला तर, "ते जुनं तोंड हाय. शपथेच्या आधीचं. ते धरत न्हाईत."

माय त्यांच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली. इतकी वर्षं तिनं त्यांच्याकडे कधी असं बघितलेलं मला आठवत नाही. माझ्या सगळ्या रागाहून ते वाईट होतं.

"तोंडाला जुनं अन् नवं असतंय व्हय?" ती म्हणाली. तिनं कॅमेरा उचलला, मागचं झाकण उघडलं, दोन्ही बारीक सेल काढले आणि अण्णांच्या मोकळ्या हातावर ठेवले. "घ्या. रिमोटला घाला."

मग माझ्याकडे वळली. "ऊठ पोरी. लातूरची गाडी कवा हाय, बघ."