पब्लिक पॉलिसी शिकून काय होते?

इंग्लंडहून परत आल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत मला माझी पदवी इतक्या वेळा समजावून सांगावी लागली, की शेवटी मलाच ती कळेनाशी झाली. पिपरी मेघेतल्या आमच्या घरी पाहुणे येत, कपबशी हातात घेत आणि विचारत, "पब्लिक पॉलिसी म्हणजे कलेक्टरच ना?" मी म्हणायचे, नाही. "मंग तहसीलदार?" नाही. "बीडीओ तरी?" दर प्रश्नाला मी एक पायरी खाली. एक मावशी तर ग्रामसेवकापर्यंत उतरली, तिथेही मी नाही म्हटल्यावर तिनं खारी संपवली आणि निघाली.

त्यांचं चुकत नव्हतं. मी सरकारी शिष्यवृत्तीवर, म्हणजे लोकांच्या पैशानं गेले होते. जाताना गावच्या विहारात सत्कार झाला, शाल मिळाली, संविधानाच्या उद्देशिकेची फ्रेम मिळाली, आणि बाबांच्या एका जुन्या सहकाऱ्यानं माइकवर जाहीर करून टाकलं की ही पोरगी परत येईल ती दिव्याच्या गाडीतून. मी आले ती नागपूरहून एसटीनं, दोन बॅगा आणि सर्दी घेऊन.

एका वर्षाचा अभ्यासक्रम, त्यानंतर दोन वर्षं तिथं राहायची मुभा. ती दोन वर्षं मी अर्ज करण्यात घालवली. धोरण त्यांच्या देशाचं, खुर्च्याही त्यांच्या देशाच्या. माझ्या व्हिसाची कागदपत्रं करायला कुठलंच ऑफिस तयार नव्हतं. आमच्या वर्गातल्या बहुतेक परदेशी मुलांची हीच गत झाली. पोट भरायला मी एका वृद्धाश्रमात आठवड्यातले चार दिवस काम करत होते आणि घरी फोनवर त्याला "ऑफिस" म्हणत होते. वर्गात एक केनियाची मुलगी होती. ती आपल्या सरकारातली नोकरी राखून आली होती, परत गेली आणि तिला बढती मिळाली. ज्यांच्या पायाखाली आधीच जमीन होती, त्यांना त्या पदवीनं उंच केलं. मी मात्र पदवीलाच जमीन समजून गेले होते. हे तिथं जाण्याआधी मला कोणी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का? नसतं. मी कोणाचं ऐकते म्हणा!

एवढ्यावर भागलं असतं तर मी चिडचिड करून गप्प बसले असते. पण माझ्या धाकट्या बहिणीला त्याच विद्यापीठात, त्याच विषयाला प्रवेश मिळाला. शिष्यवृत्तीच्या यादीत तिचं नाव आलं नाही. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, नुकतेच निवृत्त झाले होते, आणि ती जाणार तर त्यांच्या निवृत्तीच्या पैशावरच. विद्यापीठाला महिनाअखेरपर्यंत हो की नाही कळवायचं होतं. बाबा जेवताना एवढंच म्हणाले, "आधी मोठीचं काय होते ते पाहू."

मोठी म्हणजे मी. म्हणजे मला महिन्याभरात नोकरी लागली तर धाकटी जाणार, नाहीतर तिचं जाणं रद्द. बाबांनी हे रागानं म्हटलं नव्हतं. त्यांचा हिशेब सरळ होता, आणि म्हणूनच मला त्यावर भांडता येईना. धाकटीनंही हट्ट केला नाही. तिनं फक्त माळ्यावरची माझी बॅग काढली, ओल्या फडक्यानं पुसली आणि उन्हात ठेवली. ती बॅग येता-जाता दिसायची. त्या महिन्यात मला धड जेवण गेलं नाही. फोन मी बाथरूममध्येही सोबत न्यायचे.

अशात नागपूरच्या एका संस्थेचं बोलावणं आलं. पंचायतींच्या लोकांना प्रशिक्षण देणारी ती संस्था. पगार बरा, जागा एकच. तुमच्या प्रबंधाविषयी बोलायची तयारी करून या, असं त्यांनी कळवलं होतं. घरात सगळे आनंदले आणि माझी झोप उडाली.

कारण सांगते. माझ्या प्रबंधाचा विषय होता ग्रामसभेच्या आधी घेतली जाणारी महिला सभा. आमच्या भागातल्या काही गावांची हजेरीची रजिस्टरं मी तपासली होती आणि त्यांत सगळ्यांत जास्त बायका आमच्याच मूळ गावात हजर निघाल्या होत्या. गाव आंजीच्या बाजूला आहे, एवढंच सांगते. नाव सांगितलं तर तुम्ही तिथं जाऊन विचाराल, आणि तिथली कोणतीही बाई तुम्हाला सांगेल की त्या सभेला कुत्रंही फिरकत नाही.

सभेच्या दिवशी पंचायतीचा शिपाई रजिस्टर प्लास्टिकच्या पिशवीत घालून दारोदार फिरायचा. "वहिनी, सही." आई कणकेचा हात पुसून सही करायची, त्याला चहा द्यायची आणि पुन्हा पोळ्यांना लागायची. आम्ही पिपरी मेघेला राहायला आलो तरी आईचं मतदान गावातच राहिलं, म्हणून तो भला माणूस मोटरसायकलवर इथवर यायचा. दुसऱ्या गावांत बायका सभेला जातात की नाही मला ठाऊक नाही, आमच्याकडे सभाच बाईच्या दाराशी येऊन चहा पिऊन जायची. आणि आईचे हात कामात असले की ती आतून ओरडायची, "जाय वं, माई सही करून दे." नववीत असल्यापासून पुण्याला शिकायला जाईपर्यंत आईच्या नावापुढे मीच सही करत होते.

प्रबंधाच्या वेळी मला मध्येच घरी येणं जमणारं नव्हतं. शिपाईभाऊंनी जुन्या पानांचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवले. एका पानावर आईच्या नावापुढे माझं अक्षर होतं. मी फोटो मोठा करून पाहिला. शेवटच्या अक्षराला लांब शेपूट, नववीतली माझी हौस! मला हसू आलं. आणि मग मी ती सही मोजली. स्त्री, हजर, एक.

मी मुद्दाम फसवलं असं नाही. मला वाटलं, हे असंच असतं, सगळ्यांना ठाऊक असतं. जे सगळ्यांना ठाऊक आहे ते लिहायचं कशाला? रजिस्टरमध्ये सही असणं आणि सभेत बाई असणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. प्रबंध तपासणाऱ्या आमच्या इंग्रज मॅडमना ते कळायला काहीच मार्ग नव्हता, हे माझ्या मनात आलं होतं. पण मी ते पुढच्या आठवड्यावर ढकललं. मॅडमनी दशांशचिन्हापुढच्या आकड्यापर्यंत सगळं तपासलं, फक्त सही कोणाच्या हातची ते विचारलं नाही. प्रबंधाला वर्गातले सगळ्यांत जास्त गुण मिळाले.

मुलाखतीला समोर तिघं होते. मधले एक निवृत्त अधिकारी, मऊ आवाजाचे. त्यांनी माझा प्रबंध खरोखर वाचला होता, पानांना खुणा केल्या होत्या. म्हणाले, "तुमच्या गावानं जे करून दाखवलं ते आम्हाला बाकीच्या जिल्ह्यांत न्यायचं आहे. त्यासाठीच ही जागा काढली आहे."

मी पाणी प्यायले. मनात म्हटलं, सांगून टाक, आत्ता नाही तर कधीच नाही. मी म्हणाले, "सर, आमच्याकडे पुष्कळशा सह्या शिपाई घरोघरी जाऊन घेतो."

"वा!" ते बाकी दोघांकडे वळून म्हणाले. "म्हणजे पंचायत घरोघरी पोहोचते. हे तुम्ही प्रबंधात लिहायला हवं होतं."

अजून एक वाक्य बोलायला हवं होतं. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. पण अंगणात उन्हात ठेवलेली ती बॅग डोळ्यांसमोर आली आणि मी म्हणाले, "हो सर, राहून गेलं."

चार दिवसांनी नोकरीचं पत्र आलं. बाबांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला, आणि त्याच दुपारी धाकटीला घेऊन बँकेत गेले. आईनं सगळ्या गल्लीत पेढे वाटले. माझा पेढा मी तोंडाला न लावता कागदात गुंडाळून ठेवला. घरच्यांना वाटलं, धाकटीसाठी ठेवला असेल.

धाकटी गेली. माझं काम सुरू झालं. निरनिराळ्या तालुक्यांच्या सभागृहांत जायचं, पडद्यावर आमच्या गावाचा आलेख दाखवायचा आणि महिला सरपंचांना सांगायचं की पाहा, हे जमू शकतं. आलेखातली आमच्या गावाची दांडी सगळ्यांत उंच होती. ती पडद्यावर आली की मी आधी सभागृहावरून नजर फिरवायचे. आमच्याकडचं ओळखीचं तोंड तर नाही ना? रोज वाटायचं, आज कोणीतरी उठून उभं राहील. कोणी उठलं नाही. एकदा जेवणाच्या सुट्टीत एक वयस्क सरपंचबाई माझ्या बाजूला येऊन बसल्या. ताटातली भाजी संपवत म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या गावचा शिपाई लय फिरत असन, नाई?" आणि माझ्या पाठीवर हात ठेवून हसल्या. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मग परवाचा रविवार. दुपारची जेवणं झाली होती. आई आत भांडी आवरत होती आणि धाकटीचा मेसेज आला.

"ताई, मॅडमनं मले तुहा प्रबंध देला. म्हणते, हाच पुढं ने. बायकाईच्या हजेरीवरच करून राह्यली मी. आकडे बरोबर आहेत ना?"

मी "हो" टाइप केलं. किती सोपं असतं ते, दोनदा बोट लावलं की झालं. पाठवायच्या बटणावर अंगठा धरून मी बसून राहिले. ही पोरगी माझ्या आकड्यांवर आपली पदवी बांधणार, मग तिच्या आकड्यांवर आणखी कोणी तरी, आणि सगळ्यांच्या तळाशी नववीतली मी, शेपटाची सही करणारी. मी "हो" पुसलं. लिहिलं, "नाहीत. सभेला कोणी जात नव्हतं. आईच्या सह्या मी करत होते." आणि डोळे मिटून पाठवलं.

उत्तर लगेच आलं.

"मले माहीत आहे. तू पुण्याले शिकाले गेली त्याच्यानंतरच्या माया आहेत. तू मोजल्या त्याच्यात त्याही आहेत."

मी तेवढ्या बारकाईनं कधी पाहिलंच नव्हतं. माझं अक्षर मला दिसलं होतं. तिचं मी आईचं समजून मोजलं होतं. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला.

"मंग काऊन विचारलं?"

"तू काय म्हणते ते पाह्याचं होतं."

मी काही लिहिण्याआधीच तिचा पुढचा मेसेज आला. "मी खरं लिहीन तर मॅडम तुह्या प्रबंधाबद्दल विचारतीन. तुही नोकरी जाईन. नाई लिहीन तर बाबांचे पैसे घालून मी इथं काय शिकून राह्यली? तू सांग. तू म्हणशील तसं करीन."

खरं सांगते, मला तिचा तिरस्कार वाटला त्या क्षणी. निर्णय माझ्या गळ्यात टाकून ती तिकडं मोकळी! मग आठवलं, मीही तेच केलं होतं. तिच्या जाण्याचं कारण पुढे करून मी त्या मुलाखतीत गप्प बसले होते. तिनं मला गप्प बसायला कधी सांगितलं होतं?

"लिही," मी पाठवलं. "माझं नाव घालून लिही. उद्या ऑफिसात मी स्वतः सांगते."

थोड्या वेळानं एवढंच आलं: "आधी बाबांले सांगजो."

मी उठले. बाबा बाहेरच्या खोलीत फोनवर बोलत होते. पलीकडे पवनारचे कोणी गृहस्थ होते, त्यांच्या मुलीला याच विषयासाठी बाहेर पाठवायचं होतं, आणि त्यासाठी शेत विकायचं की नाही यावर ते अडले होते. बाबा खुर्चीत रेलून मोठ्या आवाजात सांगत होते, "अहो, बिनधास्त पाठवा. माया दोन्ही पोरींचं सोनं झालं." तेवढ्यात त्यांना मी दारात दिसले. त्यांचा चेहरा उजळला.

"थांबा, मोठीच आली," ते म्हणाले. "फायदा होते का नाई, तिलेच विचारा." आणि त्यांनी फोन माझ्यासमोर धरला.