आधी शून्य
रबरी नळीचा उग्र वास आला की मला बंगालमधल्या न्यू टाउनच्या नव्या रुग्णालयाची एक खोली आठवते. ती भाजलेल्या रुग्णांसाठी होती. बाहेरची धूळ, जंतू आत शिरू नयेत म्हणून तिथे हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त लागतो. तो मोजायचं मीटर घेऊन मी भर उन्हातून थेट तिथल्या गारव्यात शिरले, त्याच्या एका नळीचं टोक खोलीत आणि दुसरीचं बाहेर ठेवलं, तर पडद्यावर आकड्याआधी उणे चिन्ह! म्हणजे बाहेरचीच हवा आत ओढली जात होती, आणि दुसऱ्या दिवशी पहिला रुग्ण यायचा होता. डॉक्टर, कंत्राटदार, सगळे माझ्या तोंडाकडे बघत बंगालीत कुजबुजत होते. खोली नापास म्हणून सांगायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात आमचे साहेब, मूळचे सांगलीचे पण साइटवर कायम हिंदीच बोलणारे, जेवलीस का विचारावं इतक्या सहज मराठीत म्हणाले, “अगं, आधी नळ्या काढून बघ. शून्य येतंय का?” नळ्या काढल्या तरी पडद्यावर उणेच. उन्हातून गारव्यात आल्यामुळे मीटरच बिथरलं होतं. मी शून्याचं बटण दाबलं, नळ्या पुन्हा जोडल्या, आणि उणे गेलं; दाब हवा तेवढा होता. माझं काय चुकत होतं ते त्या गर्दीत आम्हा दोघांनाच कळलं. आता मी पुण्यात असते. इथे मराठी सगळ्यांनाच कळतं, म्हणून नव्या मुलांना चूक सांगायची असली की मी त्यांना आधी चहाला बाहेर नेते.