राठोड मास्तरची उशी

कुंड्यांत झाडं लावायचा नाद असलेले चार मास्तर एका स्टाफरूममध्ये बसवा. वह्या तपासायच्या राहतील, पण किस्से कमी पडणार नाहीत. यवतमाळच्या आमच्या शाळेत तर एकाच झाडावर इतके किस्से साठले की झाड लहान आणि किस्से मोठे झाले. झाड मूळच्या दिग्रसच्या राठोड मास्तरचं. माझं नव्हतं, हेच तर दुखणं!

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. राठोडचा भाऊ फौजेत, बर्फाच्या डोंगरात. तो सुटीवर येताना बिस्किटाच्या डब्यात खडीसकट हे झाड घेऊन आला. झाड कसलं, तळहाताएवढा घट्ट हिरवा गोळा, त्यावर मोहरीएवढी गुलाबी फुलं. आम्ही त्याला उशी म्हणू लागलो. तोवर लोक माझा गुलाब बघायला यायचे. उशी आली आणि माझ्या फाटकाची कडी वाजायची बंद झाली. जळणार नाही तर काय करणार!

*

मे महिन्यात राठोडनं घरात होती तेवढी एक वाळ्याची ताटी उशीच्या खिडकीला बांधली. नेमके तेव्हाच कळंबहून त्याचे सासरे आले. त्यांची खाट ओसरीवर, झळांमध्ये. मी मुद्दाम विचारलं, "काहून मास्तर, सासऱ्याले बाहेर बसवलं?"

"त्यांले इकडच्या उन्हाची सवय आहे. हे थंड मुलखातलं लेकरू आहे!"

सासरे संध्याकाळच्या बसनं परत गेले.

*

उशीला वरून पाणी चालत नाही. बुडाशी खडी, खालून थोडी ओल, बस्स. पण हिमालयातून आली म्हटल्यावर गल्लीतल्या बायका ऐकतात का? श्रावणात रोज आंघोळ करून तांब्या घेऊन हजर. पाणी, हळद, कुंकू. उशी एका बाजूनं काळी पडायला लागली. शेवटी राठोडनं अंगणात एक गोटा मांडला, त्याला शेंदूर लावला आणि सगळं पाणी तिकडे वळवलं. उशी वाचली. वर गोट्यालाही लोक नमस्कार करायला लागले. याचा गोटासुद्धा माझ्या गुलाबापेक्षा नशीबवान!

*

थंडीत उशीच्या कडेचे कोंब काढून ओल्या वाळूत खोचले की मुळं धरतात. मी एक कोंब मागितला. राठोड म्हणाला, "एकुलती एक लेक आहे मास्तर. घर पाहिल्याबिगर देत नाही."

मला वाटलं, गंमत करतो आहे. रविवारी गडी खरंच टोपी घालून आला! चहा घेतला, अंगण पाहिलं, सावली कुठवर येते ते विचारलं, माठाचं पाणी गार आहे का तेही पिऊन पाहिलं. मग उठला. "माणसं चांगली आहेत. पण ऊन लय आहे."

आणि कोंब दिला कोणाला? विज्ञानाच्या ठाकरे मास्तरला! मला जेवण गोड लागेना.

*

होळीनंतर ऊन तापलं तसा ठाकरेनं गोळेवाल्याकडून बर्फ आणून कोंबाभोवती रचला. गोळेवाल्यानं सवयीनं त्यावर पाक ओतलेला. मुंग्यांनी मुळांत घर केलं, कोंब गेला. मी त्या दिवशी घरी जिलेबी नेली. कशाबद्दल, ते सांगितलं नाही.

*

पुढच्या उन्हाळ्यात राठोडची उशीच करपली. भेटायला गेलो, तेव्हा जाताना पाय हलके होते. पण तो रिकाम्या कुंडीतली खडी चिवडत बसला होता, आणि मी खाली मान घालून परतलो.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती मला माठामागे घेऊन गेली. झिरपत्या पाण्यानं ओल्या झालेल्या वाळूत, भिंतीच्या गारव्याला, उशी! गोल, हिरवीगार.

"राठोडवहिनीनं संक्रांतीले वाण दिलं होतं."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही रोज उकरून पाहिलं असतं."

सकाळी राठोड दारात. राठोडवहिनीनं त्याला सांगितलं असणार. हातात तीच रिकामी कुंडी. माझ्याकडे न बघता हिला म्हणाला, "वहिनी, एक कोंब द्या."

हिनं हात पुसले, डोक्यावर पदर घेतला, चपला घातल्या.

"देईन ना भाऊजी. पण एकुलती एक आहे. चला, पहिले घर पाहू."